राक्षसांची अक्का

खोली दाखवताना घरमालक भाडं सांगतात, पाण्याची वेळ सांगतात, पाहुण्यारावळ्यांबद्दल दोन शब्द ऐकवतात. अक्कानं यातलं काहीच केलं नाही. देवपुरातल्या त्या घराचा जिना चढून मी वरची खोली पाहत होते आणि ती माझ्या बॅगेकडे पाहत होती. बॅगेच्या चेनला एक हिरवा रबरी बेडूक लोंबत होता. माझ्या भाचीनं अडकवलेला.

"देखू दे," ती म्हणाली आणि बेडूक हातात घेतला. उलटा केला, पोट दाबलं, मागचा पाय ओढून सोडून पाहिला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "पाय चांगले आहेत याचे."

पाय चांगले आहेत म्हटलं तर आहेत.

"भाडं भाऊ सांगतील," ती पुढे म्हणाली. भाऊ म्हणजे तिचे यजमान. गल्लीतले सगळेच त्यांना भाऊ म्हणायचे, म्हणून तीही परक्यांसमोर भाऊच म्हणायची. "मी एकच सांगस. प्लास्टिकनं काही बी ऱ्हायनं, तर माले दखाडाबिगर फेकू नको. झाकण, कंगवा, पेन, काही बी."

मला वाटलं, प्लास्टिक दाखवल्याशिवाय फेकायचं नाही म्हणजे बाईंचा भंगाराचा धंदा असावा. मी चाळीसगावची. धुळ्याला एका तंत्रनिकेतनात शिकवायची नोकरी लागली होती, कॉलेज जवळ होतं आणि खोलीला दोन खिडक्या होत्या. मी हो म्हटलं.

चार दिवसांनी दुपारी काडीपेटी मागायला खाली गेले. गॅसवर दोन गोष्टी होत्या. एका बाजूला डाळीचा कुकर, दुसऱ्या बाजूला उकळतं पातेलं, आणि त्या पातेल्यात एका बाहुलीचं मुंडकं वर-खाली होत होतं. अक्का चिमटा घेऊन त्याची वाट पाहत उभी होती. मला पाहून ती जराही दचकली नाही. मुंडकं बाहेर काढलं, फडक्यात धरलं आणि मऊ झालेलं आहे तोवर त्याचा जबडा दोन्ही अंगठ्यांनी खाली ओढला. गोड हसणारी बाहुली बघता बघता भलतीच भुकेली दिसायला लागली.

"डाळीचं भांडं वेगळं शे," तिनं मला सांगितलं. मला तेवढाच प्रश्न पडला असेल असं तिला वाटलं.

अक्का व्हिडिओ गेममधले राक्षस बनवायची. बाजारातली स्वस्तातली खेळणी, तुटके डायनासोर, चाक गेलेल्या मोटारी, रबरी मगरी, हे सगळं कापून, उकळून, जोडून, रंगवून. हे वेड तिला कसं लागलं ते मला तिच्या मुलीनं सांगितलं. मुलगी तेव्हा नाशिकला शिकत होती, सुट्टीत घरी यायची. ती नऊ वर्षांची असताना तिला विषमज्वर झाला होता. दोन-अडीच महिने अंथरुणावर. भाऊंच्या जुन्या मोबाईलवर ती एक राक्षसांचा गेम खेळत पडायची. त्यात एक राक्षस होता, तो काही तिला हरवता येईना. रोज हरायची, रोज रडायची. आधीच अंगात ताकद नाही आणि वर हे रडणं. अक्का उशाशी बसून पाहायची. एक दिवस तिनं विचारलं, "याची पाठ कशी शे?"

मुलगी म्हणाली, "माय, तो पाठ दाखवतच नाही."

दुसऱ्या दिवशी अक्कानं घरातला एक प्लास्टिकचा हत्ती, दोन कंगवे आणि भाऊंच्या गॅरेजमधली तार घेऊन तो राक्षस बनवला. जसा जमला तसा. पाठ तिनं मनानंच केली. मुलीच्या हातात देऊन म्हणाली, "आता पाहा, कुठे मारशील?" मुलगी तो राक्षस उलटसुलट फिरवत दोन दिवस विचार करत राहिली. मग तिनं त्याला मागून गाठायचा प्रयत्न केला आणि तो हरला. मुलगी बरी झाली ती अर्थातच औषधानं. पण अक्काच्या हाताला जे लागलं ते सुटलं नाही.

"समोरतीन बठ्ठाच वाघ दिखतस," ती मला नेहमी सांगायची, समोरून सगळेच वाघ. "पाठ देखो."

गेममधल्या राक्षसांची इंग्रजी नावं तिच्या तोंडी बसत नसत. तिनं आपली नावं ठेवली होती. एक कढईपाठ्या, एक खुरपातोंड्या. एक बाईराक्षस होती, तिच्या डोळ्यांतून सारखं काहीतरी गळायचं, तिचं नाव रडकी. मुलगी नाशिकहून फोनवर चित्रं पाठवायची, चारही बाजूंनी. आणि चुका काढायची.

"माय, त्याच्या शेपटीवर अकरा काटे आहेत. तू नऊच लावले."

"अकरा लावीसन याले बसता येई का?" अक्का विचारायची.

"तो गेममध्ये बसत नाही, माय."

"तुमना गेममा नसेल बसत. मन्हा घरमा बसस."

नऊच राहिले.

तिची वेळ ठरलेली होती. दोन ते साडेचार. सकाळचा स्वयंपाक, धुणं, भाऊंचा डबा हे सगळं आवरल्यावर आणि संध्याकाळचं सुरू होण्याआधी. एक जुनं तडकलेलं पोळपाट हा तिचा कामाचा पाट. कंगव्याचे दात म्हणजे राक्षसाचे दात. बाटल्यांची झाकणं म्हणजे पाठीचे खवले. मोडक्या छत्रीचं कापड पंखांना. नळ गळायला लागला की लावतात ती दोन रंगांची लांबी मळून ती त्यांचं मांस भरायची. रंगाला नेलपॉलिश आणि गॅरेजमधला उरलेला ट्रॅक्टरचा लाल. त्या अडीच तासांत कोणी दारात आलं तरी ती उठायची नाही. आतूनच बसायला सांगायची. एकदा शेजारीण रागावली, तर म्हणाली, "लांबी वाळी जास, पाहुना वाळत नई."

थंडीत गल्लीतल्या लोकांनी एका शेतात भरीत-भाकरीचा बेत केला होता. काट्यांच्या जाळावर वांगी भाजली, सोलली, बायका भरीत कुटायला बसल्या. अक्का मात्र जळालेल्या साली एकेक निवडून वर्तमानपत्रात गुंडाळत होती. लोकांना वाटलं, म्हशीला नेत असेल. तिच्याकडे म्हैस नव्हती. आगीतून निघणारा एक राक्षस तिला करायचा होता आणि त्याच्या कातडीचा रंग तिला काही केल्या सापडत नव्हता. काळा, पण आत कुठेतरी जांभळा, आणि वर राखेची पुसट झाक. चार दिवस त्या साली खिडकीत ठेवून ती काजळी आणि नेलपॉलिश यांची मिश्रणं करत होती. रंग जमला. घरात आठवडाभर जळक्या वांग्याचा वास होता.

पिंपळनेरला भावाच्या मुलीचं लग्न होतं तेव्हा तर तिनं कमालच केली. सगळे एसटीतून उतरून मांडवाकडे गेले. हिला वाटेत बाजार लागला. त्यात एका खेळणीवाल्याकडे रबरी मगरी. ती वाकून एकेका मगरीचं पोट दाबत बसली आणि तिकडे अक्षता पडल्या. आत्या म्हणून तिचा मान होता, लोक तिला शोधत होते. ती आली तेव्हा जेवणाची पहिली पंगत उठत होती आणि तिच्या पिशवीतून सहा शेपट्या बाहेर आल्या होत्या. माहेरच्यांनी ते अजून सोडलेलं नाही. मी विचारलं, "वाईट नाही वाटलं?" ती म्हणाली, "वाटलं ना. पण तशा मगरी परत मिळाल्या नाहीत, हे बी खरं."

मुलीनं फोटो कुठेतरी टाकले होते, ते पाहून पुण्याचा एक माणूस गाडी घेऊन घरी आला. कढईपाठ्या त्याला फार आवडला. तसे दहा करून द्या म्हणाला. अक्कानं त्याला चहा दिला, शेव दिली आणि विचारलं, "दहा सारखे?"

"हो, अगदी असेच."

"मग नऊ जणांना काय म्हणू?"

त्याला प्रश्न कळला नाही. मलाही नीट कळला नव्हता. तो गेल्यावर ती म्हणाली, "राक्षस शे तो, बिस्कीट नई."

भाऊंचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. माणूस अबोल. बायकोच्या या कामाबद्दल मी त्यांच्या तोंडून कधी चांगलं ऐकलं नाही, वाईटही ऐकलं नाही. संध्याकाळी घरी आले की हात धुवायच्या आधी खिशातून बेअरिंगमधल्या दोन पोलादी गोळ्या काढून टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "डोळे आणलेत." जोडी सारखी असायची. अक्का त्या गोळ्या उजेडात धरून पाहायची. त्यांच्यातलं एवढंच बोलणं या विषयावर मी ऐकलं होतं.

मी तिथं राहायला आले त्याच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते, सकाळी गॅरेजमधून माणूस धावत आला. इंजिनाच्या पट्ट्यात भाऊंचा हात गेला होता. उजवा. दोन बोटं राहिली नाहीत, अंगठ्याशेजारची दोन.

दवाखान्यातून घरी आल्यावर भाऊ बदलले. हातावर सदा टॉवेल. पट्टी निघाली तरी टॉवेल तसाच. जखम स्वतःच धुवायचे, मोरीचं दार लावून. जेवायला सगळ्यांच्या नंतर बसायचे, भिंतीकडे तोंड करून, डाव्या हातानं. गॅरेज कारागिरांवर सोडलं होतं. दिवसभर पलंगावर बसून समोरच्या कॅलेंडरकडे पाहत असायचे.

यावलहून त्यांची मोठी बहीण आली. आई लवकर गेल्यामुळे तिनंच भाऊंना वाढवलं होतं, त्यामुळे घरात तिचा शब्द मोठा. केळीचा एक घड घेऊन आली, भावाच्या उशाशी बसून खूप रडली. आणि मग तिची नजर शोकेसवर गेली. शोकेस देवघराच्या बरोबर समोर होतं आणि त्यात अक्काचे चाळीसेक राक्षस दाटीवाटीनं उभे होते.

"घरात हे मोडके, तुटके, दात विचकलेले बसवून ठेवले," ताई म्हणाल्या, "देवाच्या डोळ्यांसमोर. आणि मग म्हणता असं कसं झालं. आजच्या आज नदीत सोडून ये."

मला वाटलं, अक्का उत्तर देईल. तिच्याकडे प्रत्येकाला उत्तर असायचं. ती आत गेली, पोतं घेऊन आली आणि शोकेस उघडलं.

मी तिला जिन्यात गाठलं. "अक्का, असं काही नसतं. तुला माहीत आहे."

तिनं पोत्यात हात घालून एक राक्षस काढला. अर्धवट होता, रंगवायचा राहिलेला. त्याचा उजवा हात तिनं माझ्यापुढे धरला. तीन बोटं होती.

"गेममध्ये त्याला तीनच आहेत," ती म्हणाली. आवाज अगदी हळू. "बाहुलीला पाच होती. मी दोन कापली. यांच्याच करवतीनं. त्याच आठवड्यात, बाई. आता सांग, नसतं का असं काही?"

मी स्कूटीची किल्ली आणली.

पांझरेच्या पुलावर आम्ही दोघी उभ्या राहिलो. तिनं पोतं कठड्यावर ठेवलं, तोंड सोडलं. खाली पाहिलं. नदीला पाणी घोट्याएवढं होतं, बाकी चिखल आणि लव्हाळी. मागून वाहनं जात होती. शेवटी म्हणाली, "पाणी कमी शे. हे बुडाऊत नई."

"नाही बुडणार," मी म्हटलं.

"चिखलात उघडे पडतील. लोक दगडं मारतील."

"मारतील."

"मग काय करू?"

"माझ्या खाटेखाली जागा आहे," मी म्हणाले.

ताईंना सांगितलं की सोडून आलो. मी कधी खोटं बोलत नाही अशातला भाग नाही, पण एवढ्या वडीलधाऱ्या बाईशी तोंडावर खोटं बोलायची माझी ती पहिलीच वेळ. त्या समाधानानं यावलला गेल्या.

त्यानंतर दोन-तीन महिने मी चाळीस राक्षसांवर झोपत होते. अक्काचे दुपारचे अडीच तास रिकामे झाले. ती निवडलेले गहू पुन्हा निवडायची. धुतलेले डबे पुन्हा धुवायची. मधूनच वर यायची, गच्चीत काहीतरी वाळत घालायचं निमित्त करून. माझ्या खाटेवर बसायची, खाली वाकून पाहायची नाही. नुसतं विचारायची, "आहेत ना बठ्ठे?"

"आहेत."

"उंदीर नाही ना?"

"नाही."

मग उठून जायची.

माझ्या न्हाणीतला नळ गळायला लागला होता. मी अक्काला सांगितलं, ती म्हणाली प्लंबर बोलावते. रविवारी सकाळी दार वाजलं. दारात भाऊ. डाव्या हातात पाना, उजव्यावर टॉवेल. अपघातानंतर ते पहिल्यांदाच जिना चढून वर आले होते. मी बाजूला झाले.

डाव्या हातानं ते नळ खोलायला लागले. पाना निसटायचा. पुन्हा लावायचे, पुन्हा निसटायचा. तीस वर्षं ट्रॅक्टर खोललेला माणूस एका नळाशी झटत होता. मी स्वयंपाकाच्या ओट्याकडे तोंड करून भांडी हलवत राहिले, त्यांना वाटू नये की मी पाहतेय. शेवटी नट सुटला आणि हातातूनही सुटला. घरंगळत खोलीत आला आणि थेट खाटेखाली गेला.

मी धावले. पण ते आधीच वाकले होते. चादर वर केली. मग बराच वेळ वर आलेच नाहीत.

"हे पांझरेत गेले होते ना?" त्यांनी खालूनच विचारलं.

"पाणी कमी होतं," मी म्हटलं.

ते हसले. नीट ऐकू येईल असं हसले. मग जमिनीवरच मांडी घालून बसले आणि पोतं पुढे ओढून एकेक बाहेर काढायला लागले. कढईपाठ्या, खुरपातोंड्या, रडकी. मला माहीत होतं पोत्यात अजून कोण आहे. तोही निघाला. भाऊंनी त्याचा हात पाहिला. मग टॉवेल काढून बाजूला ठेवला आणि आपला हात त्या हाताशेजारी धरला.

"हा कधीचा?" त्यांनी विचारलं.

लपवण्यात अर्थ नव्हता. "त्याच आठवड्यातला. गेममध्ये तो तसाच आहे. पण अक्काला वाटतं, तिच्यामुळे झालं."

"तिच्यामुळे?" ते म्हणाले. "पट्टा चालू होता. बंद करून हात घालायचा, हे मी पोरांना तीस वर्षं सांगत आलो. त्या दिवशी मलाच कंटाळा आला. ती कुठून आली यात?"

"मग तिला सांगा ना तुम्ही."

"तिनं विचारलंच नाही."

"तुम्ही टॉवेल काढलाच नाही," माझ्या तोंडून निघून गेलं.

मला वाटलं, आता उठून जातील. त्यांनी राक्षसाचा खांदा हलवून पाहिला. "सांधा ढिला आहे याचा," म्हणाले. "बारीक स्क्रू ड्रायव्हर आहे का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून खोलीची जास्तीची किल्ली मागून घेतली. मी कॉलेजात असताना ते वर येऊन बसायचे. अक्काला सांगायचे, मारुतीला जातो. ती खूश होती, माणूस घराबाहेर पडायला लागला म्हणून. मी परत आले की खोलीत नेलपॉलिशचा वास असायचा आणि एखाद्या राक्षसाचा सांधा घट्ट झालेला असायचा. नळ मात्र गळतच होता. आणि संध्याकाळी अक्का वर येऊन विचारायची, "आहेत ना बठ्ठे?" दोघांचीही गुपितं माझ्याकडे, आणि दोघंही एकाच घरात. अशी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत.

एक दिवस मी चारच्या सुमाराला आले तर अक्का उडदाच्या पापडांची परात घेऊन माझ्यापुढे जिना चढत होती. मी म्हटलं, अक्का, परात मी नेते, तू चहा ठेव. ती म्हणाली, चहा मग ठेवू. मी म्हटलं, माझी खोली पसरलेली आहे. ती म्हणाली, माझी कोणती आवरलेली शे. आणि तिनं दार ढकललं.

भाऊ खिडकीखाली बसले होते. टॉवेल नव्हता. तो अर्धवट राक्षस त्यांनी उजव्या हातात, उरलेल्या बोटांत आणि अंगठ्यात घट्ट धरला होता आणि डाव्या हातानं त्याचे दात रंगवत होते. त्यांनी वर पाहिलं.

अक्का परात घेऊन उभीच. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग राक्षसाकडे. म्हणाली, "दात वाकडे लावलेत तुम्ही."

"डाव्या हातानं तसेच लागतात."

तिनं परात माझ्या हातात दिली. त्यांच्यासमोर बसली. राक्षस त्यांच्या हातातून काढून खाली ठेवला आणि त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिनं तो अजून एकदाही पाहिला नव्हता. आधी तळवा पाहिला. जिथं बोटं नव्हती तिथं अंगठा फिरवला. मग हात उलटा केला आणि मागून पाहिला.

"चांगलं भरून आलंय," ती म्हणाली.

"पट्टा मी बंद केला नव्हता," भाऊ म्हणाले. "माझी चूक. तुझा काही संबंध नाही. ना तुझा, ना याचा."

तिनं डोळे पुसले. त्यांच्या हाताचा ओला लाल रंग तिच्या गालाला लागला. मी परात घेऊन गच्चीत गेले आणि पापड एकेक करून, जमेल तितक्या सावकाश वाळत घातले.

त्याच आठवड्यात राक्षस खाली गेले. नवे सांधे, काहींना नवे डोळे. वाकड्या दातांचा तो मधोमध उभा राहिला. अक्कानं त्याचे दात सरळ केले नाहीत, जिला नऊचे अकरा करायला लावणं मुलीलाही जमलं नव्हतं तिनं. त्या वाकड्या दातांमुळे तो सगळ्यांत भीतिदायक दिसायचा, हेही खरं. पुढे भाऊ गॅरेजात जायला लागले. पान्यावर पकड बसायला वेळ लागला, पण बसली. हातावरचा टॉवेल पुन्हा कधी दिसला नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माहेरवाशिणी येतात तशा यावलच्या ताई आल्या. दारातून आत पाऊल टाकलं आणि थबकल्या. मी मागच्या खोलीत सांजोऱ्या तळत होते, माझा झारा हातातच राहिला.

"हे नदीत गेले होते ना?" ताईंनी विचारलं.

अक्कानं सरळ सांगितलं, "नाही ताई. खोटं बोलले मी. टाकवले नाहीत."

ताई भावाकडे वळल्या. भाऊ ताटं मांडत होते. उजव्या हातानं. "ताई," ते म्हणाले, "माझी बोटं माझ्या आळसानं गेली. आणि हात कामाला लागला तो यांच्यामुळे. तू म्हणत असशील तर टाकतो. पण मग खरं काय ते तुलाही माहीत असू दे."

ताईंनी त्या हाताकडे पाहिलं. त्यांनी वाढवलेला मुलगा तो. मग पाटावर बसल्या, आमरस वाढून घेतला, पुरणपोळीचा तुकडा मोडला. हात धुताना म्हणाल्या, "ठेवा. पण देवाकडे तोंड नको त्यांचं."

म्हणून शोकेस फिरवून दाराकडे तोंड केलं. त्यानंतर त्या घरी नवीन येणारा माणूस उंबऱ्यावर एकदा थांबतोच. दूधवाल्यानं बरेच दिवस दूध बाहेरच ठेवलं.

माझी बदली जळगावला झाली त्यालाही आता दिवस झाले. मागच्या हिवाळ्यात कॉलेजच्या कामानं धुळ्याला गेले होते. काम दुपारी आटोपलं, न कळवताच देवपुरात गेले. दार उघडंच होतं. अक्का आणि भाऊ टेबलाशी समोरासमोर बसले होते. मधे एक मोठा पंखवाला राक्षस. पाण्याच्या तांब्याला फोन टेकवला होता आणि त्यातून मुलगी बोलत होती, पंख आणखी वर, माय, अजून वर. भाऊंनी उजव्या हाताच्या बोटांत पंख तोलून धरला होता, अक्का खांद्यात लांबी भरत होती. मी दारात उभी राहिले. तिघांपैकी कोणी वर पाहिलं नाही.

"कोण शे?" अक्कानं मान न वळवता विचारलं.

"मी."

"ये. बस."

बसायला खुर्ची नव्हती, एकीवर रंग होते, दुसरीवर एक धड. मी चपला काढल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. चहा आम्हा तिघांचा टाकला. तो दोनदा गरम करावा लागला.